बाळाच्या वरणाला जिऱ्याची फोडणी चालते, चटणी नाही

कोल्हापुरात बाळाचे सहा महिने भरत आले की घरात दोन पक्ष पडतात. एक आजीचा. "नुसतं आळणी घालून पोराला चव कधी कळायची? आमची पोरं वर्षाच्या आत आमटी-भाकरी खात होती, काय झालं त्यांना?" दुसरा पक्ष मोबाईलवर वाचलेल्या आणि लसीकरणाच्या रांगेत ऐकलेल्या सल्ल्यांचा. वर्षभर मीठ नाही, साखर नाही, मसाला तर नावालाही नाही. मग बाळापुढे येतं ते कुकरमध्ये शिजवून मिक्सरमधून काढलेलं, कसलाच वास नसलेलं पांढरंफटक काहीतरी. मोठ्या माणसाने ते आधी स्वतः दोन घास खाऊन दाखवावं.

दोन्ही पक्षांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. घोळ होतो तो आपल्या कांदा-लसूण चटणीमुळे. तिच्यात सगळं एकत्रच कुटलेलं असतं: धने-जिऱ्याचा वास, मिरचीचा जाळ आणि खडेमीठ. त्या बरणीतून वास तेवढा वेगळा काढून घेता येत नाही, म्हणून एकजण सगळंच द्या म्हणतो आणि दुसरा सगळंच बंद करतो. बाळाच्या बाबतीत मात्र या तीन गोष्टी वेगवेगळ्या धरायच्या. वास आणि चव सहा महिन्यांनंतर खुशाल चालते. मीठ वर्षभर घालायचं नाही. मिरची वर्ष झाल्यावर, तीही बेताने.

आधी वासाचं बघू, कारण गंमत तिथेच आहे. आपण समजतो की बाळाची जीभ कोरी पाटी असते आणि उष्टावणाच्या दिवशी मामाने खिरीचा पहिला घास भरवला की चवींची सुरुवात होते. तसं नसतं. पोटात असतानाच बाळ गर्भजल गिळत असतं आणि आईने खाल्लेल्या पदार्थांचे वास त्या पाण्यात उतरलेले असतात. फिलाडेल्फियाच्या मोनेल संशोधन केंद्रातल्या ज्युली मेनेला आणि गॅरी बोशॅम्प यांनी यावर बरंच काम केलंय. 1991 साली त्यांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास जास्तीत जास्त येऊ लागला. बाळांनी तोंड फिरवलं असेल असं वाटतं ना? उलट ती जास्त वेळ छातीला राहिली. 1995 मध्ये दिसलं की गरोदर बाईने लसूण खाल्ला की तिच्या गर्भजलालाही तो वास येतो. पुढे 2001 मध्ये गाजराचा रस घेऊन प्रयोग झाला. ज्या आयांनी गरोदरपणात किंवा पाजताना तो रस नियमित घेतला, त्यांच्या बाळांनी गाजर घातलेलं खाणं भरवताना तोंडं कमी वाकडी केली.

म्हणजे आपल्याकडे जन्मलेलं बाळ लसूण, जिरं आणि कोथिंबिरीला आधीच ओळखत असतं. बाळंतिणीला दिलेला अळिवाचा लाडू, शेपा आणि लसणाची फोडणी दिलेली मेथीची भाजी यांचा वास त्याच्यापर्यंत दुधातून पोचलेला असतो. मग सहा महिने झाले की आपण त्याला एकदम बिनवासाच्या पेजेवर का आणून बसवतो, हा प्रश्न आजीच्या बाजूने विचारण्यासारखा आहे. वरचं डब्याचं दूध पिणाऱ्या बाळाला हे वेगवेगळे वास आधी मिळालेले नसतात, कारण त्या दुधाची चव रोज एकच असते. त्याच्यासाठी ही ओळख थोडी सावकाश करावी लागते, एवढाच फरक.

आता मिरची. मिरचीला चव नसते असं म्हटलं तर कोल्हापुरात मारामारी होईल, पण जीभ गोड, आंबट, खारट ओळखते त्या प्रकारे तिखट ओळखतच नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन जाऊन बसतं ते उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर. त्यांच्यावर एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू असतो, टीआरपीव्ही1 नावाचा. खरं तर तो चटका बसला की मेंदूला कळवण्यासाठी आहे. कॅप्सायसिन त्यालाच चेतवतं, आणि भाजलेलं नसताना भाजल्याचा निरोप मेंदूकडे जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये हा ग्राहक शोधला आणि 2021 मध्ये त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत नोबेल मिळालं. झणझणीत मिसळ खाताना आपल्याला घाम फुटतो, नाक गळतं, ते याच निरोपामुळे. मोठ्यांना ठाऊक असतं की हे काही खरं भाजणं नव्हे, म्हणून त्यात मजा येते. आठ महिन्यांच्या बाळाला ते कोण समजावणार? त्याला एवढंच कळतं की चमचा आला आणि तोंड भाजलं. पुढचे चार दिवस ते चमचा बघून तोंड मिटतं आणि आपण म्हणतो, "खातच नाही बघा."

हा ग्राहक फक्त जिभेवर नसतो. ओठांभोवती, डोळ्यांत, आतड्यात आणि शी होते त्या जागीही असतो. बाळाच्या लंगोटाखाली एकाएकी लाली आली तर आदल्या दिवशी कुणी रश्श्यात बोट बुडवून चाटवलं होतं का, ते जरूर विचारावं. पाहुण्यारावळ्यांत असा एक मामा किंवा काका असतोच.

ब्याडगी मिरची रंगाला, तिखटपणा कमी. संकेश्वरी त्या मानाने जास्त तिखट, हे आपल्याकडे चटणीचा हिशेब घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. "मग नुसती ब्याडगी घालू का?" वर्षाच्या आत तीही नको. काळे काय नि पांढरे काय, मिऱ्यातलं पायपरीन आणि आल्यातली, सुंठीतली तिखट द्रव्यं त्याच ग्राहकावर काम करतात, फक्त जोर कमी असतो. त्यामुळे पांढऱ्या रश्श्यात लाल काही दिसत नाही म्हणून तो बाळाला चालेल, हा हिशेब चुकतो. आल्याचा किसाचा एखादा तंतू नववा महिना उजाडल्यावर खिचडीत शिजवला तर हरकत नाही. मिरपूड मात्र वर्षानंतरच बरी.

मिठाचं कारण वेगळं आहे. मिठाने तोंड भाजत नाही, पण बाळाची मूत्रपिंडं जादा सोडियम बाहेर टाकायला अजून तयार झालेली नसतात. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सांगते की वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसाला एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. एक ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण पाचवा-सहावा भाग. दूध आणि साध्या अन्नातून लागेल तेवढं सोडियम बाळाला मिळतंच, वरून घालायची गरज नसते. पण घरात मीठ कुठकुठून येतं ते बघा. चटणीत मीठ, लोणच्यात मीठ, पापडात मीठ, बिस्किटात मीठ आणि तयार मसाल्याच्या पाकिटातही बऱ्याचदा मीठ. "मी मीठ घातलं नाही, थोडी चटणीच घातली" याला काही अर्थ उरत नाही. शिवाय जिभेला खारटाची सवय लवकर लागते आणि मग साधं वरण बेचव लागू लागतं.

गुळाबद्दल बोललं की आपल्याकडे लोक नाराज होतात. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तो उत्तम आहे यात वाद नाही, पण बाळाच्या दृष्टीने ती साखरच. उष्टावणाच्या दिवशी बोटाच्या टोकावर खीर लावली तर आभाळ कोसळत नाही. रोजच्या नाचणीच्या सत्त्वात मात्र गूळ न घालता वेलचीचे दोन दाणे कुटून घाला आणि जमलं तर कुस्करलेलं केळ. गोडव्याची उणीव वेलची पुष्कळ भरून काढते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. पहिला आठवडाभर मऊ भात, मुगाचं वरण, रताळं, लाल भोपळा, नाचणी असं एकेक साधं अन्न देऊन बघा. ते पचतंय असं दिसलं की त्यात एक वास मिसळा. बहुतेक घरांत हळद आणि जिऱ्यापासून सुरुवात होते आणि ती योग्यच आहे. मग हिंग, धने, कोथिंबीर, लसूण, बडीशेप, कढीपत्ता, शेपू, पुदिना. ओवा थोडा उग्र असतो, तो चिमटीच्याही निम्मा. दालचिनी आणि लवंग आणखी दोन-तीन महिने थांबू शकतात. दालचिनीने काही बाळांच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठतात, म्हणून ती घालायची तर पूड न भुरभुरता शिजताना एक तुकडा टाकून नंतर काढून घ्यावा.

यासाठी वेगळा स्वयंपाक मांडायचा नसतो. घरच्या आमटीसाठी कुकर लावताना डाळीत हळद आणि चिमूटभर हिंग घातलेलं असतंच. कुकर उघडला की आमटीत चटणी आणि मीठ पडण्याआधी दोन डाव वरण बाळाच्या वाटीत काढायचं. मग फोडणीची लहान पळी घ्या. अर्धा चमचा तूप, ते तापलं की पाव चमचा जिरं, जिरं फुललं की ठेचलेली लसणाची अर्धी पाकळी. लसूण गुलाबी होऊ द्या, करपवू नका. गॅस बंद करा आणि हे तूप चहाच्या गाळणीतून वरणावर ओता. जिरं-लसूण गाळणीत राहतं आणि वास तेवढा वाटीत जातो. मसाल्यांची सुगंधी द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती तेलातुपात उतरतात. म्हणून गाळलेलं हे अर्धा चमचा तूप कोरड्या जिरेपुडीपेक्षा जास्त काम करतं. वरून वाढत्या बाळाला हवी असलेली ऊर्जाही त्यातून मिळते. गाळणीत राहिलेलं घरच्या आमटीत टाका, वाया काही जात नाही.

गाळायचं कारण घशात अडकण्याचं आहे. मोहरी, जिरं, मिरे, लवंग, वेलचीचं साल, कढीपत्त्याचं अख्खं पान यातलं काहीही बाळाच्या घासात अख्खं असू नये. कोरडी पूडही वरून भुरभुरायची नाही, ती श्वासाबरोबर आत जाते आणि बाळ गुदमरतं. पूड घालायची तर अन्न शिजतानाच. प्रमाण विचाराल तर एका वाटीला दोन बोटांच्या चिमटीत मावेल त्याच्या निम्मी. वास यावा, बाकी काही नाही.

आणि बाळाने तोंड वाकडं केलं तर? करू द्या. नवी चव आली की बहुतेक बाळं नाक-डोळे आखडतात, जीभ बाहेर काढतात, अंग शहारतात. ते 'नको' नसतं, 'हे काय आता?' असतं. एखादी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. आपण दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच "याला शेपू आवडत नाही" असं जाहीर करून मोकळे होतो. जबरदस्ती करायची नाही. दोन-तीन चमचे द्यायचे, नको म्हटलं की थांबायचं आणि चार दिवसांनी पुन्हा द्यायचं.

नवी गोष्ट एका वेळी एकच, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या, म्हणजे काही झालंच तर कशाने झालं ते कळतं. मसाल्यांच्या डब्यात ॲलर्जीच्या दृष्टीने लक्ष ठेवण्यासारखे दोन मुख्य: तीळ आणि मोहरी. युरोपात दोन्ही पाकिटावर ठळक छापावे लागतात, आणि अमेरिकेने 2023 पासून तीळ लिहिणं सक्तीचं केलं. कांदा-लसूण चटणीत तीळ असतात, कुठे कुठे शेंगदाणेही. याचा अर्थ ते बाळाला देऊच नयेत असा मुळीच नाही. तीळ, शेंगदाणा, अंडं मुद्दाम उशिरा दिल्याने ॲलर्जी टळत नाही, हे आता पुरेसं स्पष्ट झालंय. ते बारीक वाटून, एकेकटे, सकाळच्या वेळी द्यावेत, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. ज्या बाळाला आधीच इसबाचे (एक्झिमाचे) खाजरे, कोरडे चट्टे उठतात, त्याच्या बाबतीत मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. एक बारीकशी गोष्ट: बाजारातला हिंग बहुधा निव्वळ नसतो, त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ असतं. गहू अजून सुरू केला नसेल तर डबीवरचं वाचा.

हळदीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण आपण तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. बांगलादेशात हळदीला झगझगीत पिवळा रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला रंग चोळला जात होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि बांगलादेशातल्या संशोधकांनी 2019 मध्ये हे उघड केलं. या प्रकाराची सुरुवात 1980च्या दशकातल्या एका मोठ्या पुरापर्यंत मागे जाते, पुरात भिजून हळद काळवंडली आणि तिला रंग देणं सुरू झालं. शिशाचं काय करायचं असतं? काहीच नाही, ते शरीरात यायलाच नको. बाळाच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी अजून कुणाला ठरवता आलेली नाही, आणि एवढ्याशा जीवाला थोडं शिसंही जास्त होतं. आपण या बाबतीत नशीबवान आहोत. सांगली तासाभरावर आहे, तिथल्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालंय, आणि कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत कुठल्याही किराणा दुकानात चांगली हळकुंडं मिळतात. बाळाच्या वर्षापुरती पाव किलो हळकुंडं आणून, धुऊन, वाळवून, ओळखीच्या गिरणीत दळून घेणं काही जड नाही. हळकुंड निवडताना बाहेरून फार तुकतुकीत पिवळं, हाताला रंग लागणारं नको. जरा मळकट, मातकट दिसणारंच घ्या. सुट्या हळदीच्या पुडीचं मात्र बघून काही कळत नाही.

आता नाजूक विषय, गुटी. वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, अतिविष, जेष्ठमध, हळकुंड, खारीक, बदाम. पुष्कळ घरांत दहाव्या-बाराव्या दिवसापासून हे सहाणेवर उगाळून चाटवतात आणि "आमची सगळी गुटीवर वाढली" हे वाक्य ठरलेलं असतं. यातल्या प्रत्येक वस्तूबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे, त्यात गुटी बसत नाही. सहाणेला लागलेलं पाणी, महिनोन् महिने डबीत राहिलेली खारीक, बोट, यातून जंतू जातात आणि जुलाब होतात, हे एक. दुसरं, गुटी कधी कधी मधातून देतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढू शकत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात वाढतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, त्याचं रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही. त्यामुळे वर्षाच्या आत मध चाटवायचाही नाही, मग तो राधानगरीच्या जंगलातला असला तरी.

तिसरं कारण वेखंड आणि जायफळ. वेखंडात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला 1968 मध्येच बंदी घातली. जायफळातल्या मायरिस्टिसिनने गुंगी येते. "गुटी दिली की बाळ कसं शांत झोपतं" याचं कारण इथे असू शकतं, आणि ती झोप कौतुक करण्यासारखी नाही. उगाळताना किती वेढे झाले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी. लहान बाळाचं वजन पाच-सहा किलो. त्याच्यासाठी हे अंदाजपंचे चालत नाही. सणाच्या बासुंदीतलं जायफळ मोठ्यांनी खावं. चक्रफुलाचंही तसंच. पोटदुखीवर त्याचा काढा देतात, पण त्याच्यासारखंच दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं आणि दोन्हींची सरमिसळ झाल्याने बाळांना झटके आल्याच्या घटनांनंतर 2003 मध्ये अमेरिकेत तसा इशारा निघाला होता. दोन्ही फुलं शेजारी ठेवली तरी आपल्याला ओळखता येणार नाहीत.

आजीला हे सांगायचं कसं, हा खरा पेच. माझ्या मते सरळ गुटी बंद करा म्हणण्यापेक्षा तिच्या हातात फोडणीची पळी द्यावी. खिमटीसाठी तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, जिऱ्याबरोबर खमंग भाजणं हे तिच्याइतकं कुणाला जमत नाही, आणि बाळाला त्याचा फायदाही आहे.

रविवारचा मटणाचा प्रश्नही येतोच. मटण शिजतानाचं पाणी, म्हणजे अळणी, मुलांना पाजायची आपली पद्धत चांगली आहे, पण दोन अडचणी. मटणाला बहुतेक घरांत आधीच मीठ चोळून ठेवतात. त्यामुळे बाळासाठीचे मटणाचे दोन तुकडे मीठ लावायच्या आधी वेगळे काढून हळद, लसूण आणि धन्याबरोबर वेगळ्या डबीत शिजवावे लागतात. आणि नुसत्या पाण्यात लोह फारसं उतरत नाही, ते मांसात राहतं. सहा महिन्यांनंतर बाळाला सर्वांत जास्त कमी पडतं ते लोहच, म्हणून पाणी पाजण्यापेक्षा मांस अगदी मऊ शिजवून, वाटून भातात कालवा. वरणाच्या वरच्या पाण्याचंही हेच गणित, डाळ खाली राहते. शाकाहारी घरांत वरणावर लिंबाचे दोन थेंब पिळले की डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

पहिला वाढदिवस झाला की बाळ घरच्या ताटात येऊ लागतं. तेव्हा कमी मिठाची आमटी, आधी दही किंवा तूप कालवून, मग नुसती. चटणी घालायची तर आमटीच्या वाटीला दाणाभर. दोन वर्षांच्या पोराने मिसळीचा कट प्यायला म्हणून व्हिडिओ काढणाऱ्यांच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात चटणी भाजायचा आणि डंकावर कुटून आणायचा दिवस असेल, तर बाळाला त्या दिवशी शेजारी नाहीतर आजोळी पाठवा. मोठ्यांना ठसका लागतो तो धूर त्याच्या श्वासनलिकेला सोसत नाही.

इतकं जपूनही कधीतरी तिखट हात बाळाच्या तोंडाला लागतोच. तेव्हा पाणी पाजून उपयोग नसतो, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. अंगावर पाजा, किंवा चमचाभर दही द्या. ओठांवर, गालावर लागलं असेल तर आधी तेलाच्या बोळ्याने पुसा आणि मग साबणाच्या पाण्याने. डोळ्यांत गेलं तर साध्या स्वच्छ पाण्याची धार धरा, चोळू नका, आणि स्वतःचे हात आधी धुवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, एकामागून एक उलट्या झाल्या किंवा श्वासाला घरघर लागली तर ते तिखट नव्हे, ॲलर्जी असू शकते. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता बाळाला उचलून जवळच्या दवाखान्यात न्या, आणि जाताना काय खाल्लं होतं ती वाटी किंवा पाकीट सोबत घ्या.